चष्मे दिलेले असूनही कामगारांच्या डोळ्यांना गंभीर इजा का होतात?

कारखान्यात सर्वांना सुरक्षा चष्मे दिलेले असतानाही डोळ्यांना गंभीर इजा होतात, तर धोका नेमका कशामुळे वाढतो, असे आपण विचारले आहे. धातुकामाच्या यंत्रशाळेत बरीच वर्षे सुरक्षेचे काम पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की धोकादायक म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या कामापेक्षा ‘दोनच मिनिटांचे’ म्हणून मध्येच हाती घेतलेले काम अधिक घातक ठरते. दिवसभर ग्राइंडर चालवणारा माणूस चष्मा लावून बसतो. परंतु अडकलेली पिन ठोकून काढायला किंवा शेजाऱ्याचे बंद पडलेले यंत्र पाहायला तोच माणूस उघड्या डोळ्यांनी जातो. अनोळखी काम, बिघडलेले अवजार, घाई आणि थकवा हे सारे नेमके अशा वेळी एकत्र येते, आणि कामगार नवखा असेल तर विचारायलाच नको.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. एका सहकाऱ्याच्या छिन्नीचे डोके हातोड्याचे घाव खाऊन कुत्र्याच्या छत्रीसारखे पसरले होते आणि त्याच्या कडा चिरलेल्या होत्या. एका घावासरशी कडेचा तिळाहूनही लहान कण उडाला. रक्त आले नाही, फारसे दुखले नाही, दिसतही नीट होते. म्हणून त्याने डोळा चोळला आणि कचरा गेला असेल असे समजून पाळी संपेपर्यंत काम केले. रात्री नजर धूसर झाल्यावर काढलेल्या एक्स-रेमध्ये पोलादाचा तो कण नेत्रगोलाच्या आत दिसला. वेगाने उडालेला बारीक कण असाच आत शिरतो आणि बाहेर जेमतेम टोचल्याएवढी खूण ठेवतो. लोखंड आत राहिले तर पुढे दृष्टिपटल निकामी होऊ शकते. असा संशय असताना एमआरआय करू नये, कारण चुंबकीय क्षेत्रात कण जागचा हलू शकतो. ठोकाठोक करताना इजा झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चष्मा असूनही तो कामाला साजेसा नसणे, हे दुसरे मोठे कारण आहे. नंबरचा साधा चष्मा संरक्षक नव्हे. केवळ फेस शील्ड लावल्यास कण खालून किंवा बाजूने आत येतो, म्हणून तिच्या आत चष्मा हवाच. काचेवर वाफ धरली किंवा ओरखडे पडले, की माणूस ती कपाळावर सरकवतो; याला मी बेशिस्त म्हणत नाही, ती खरेदीतली चूक आहे. वेल्डिंगमध्ये वेल्डरपेक्षा शेजारी उभा असलेला हेल्परच अनेकदा विसरला जातो, आणि काही तासांनी डोळ्यांत वाळू खुपल्यासारखी आग सुरू झाली की त्याला कारण कळते.

रसायनांबाबत लोक आम्लाला भितात, पण चुना, सिमेंट आणि कॉस्टिक सोडा यांसारखे अल्कली बहुधा अधिक नुकसान करतात, कारण ते पेशींतील चरबी विरघळवत खोलवर शिरतात. त्या वेळी दवाखाना गाठण्याआधी पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुणे, यावरच बरेचसे ठरते. म्हणून धुण्याच्या जागेचे अंतर हासुद्धा मी धोक्याचा घटक मानतो. एका तपासणीत मला तिथला नळ उत्तम चालू स्थितीत आढळला. मात्र त्याच्यापुढे मालाच्या पेट्या छातीपर्यंत रचलेल्या होत्या.