इनपुट फिल्टर लावल्यावर कन्व्हर्टर शिट्टी का मारतो?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: जालन्याजवळच्या मोसंबीच्या बागेत ठिबकच्या ऑटोमेशनला २४ व्होल्टच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट, ५ अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) बसवलाय. रेडिओ मोड्यूलला त्रास व्हायला लागला म्हणून इनपुटला १० मायक्रोहेन्रीची कॉइल टाकली; ती आणि तिथला सिरॅमिक कपॅसिटर मिळून इनपुट फिल्टर झाला. तेव्हापासून पहाटे बॅटरी उतरली, की शिट्टी वाजते आणि कंट्रोलर रिसेट होतो. कन्व्हर्टरचा आयसी (चिप) डुप्लिकेट निघाला, असं दुकानदार म्हणतो. आयसीला हात लावू नका, तो बिचारा त्याचं काम चोख करतोय. खरं तर चोख करतोय म्हणूनच हा घोळ आहे.

आउटपुट १२ व्होल्टवर धरून ठेवायचं तर इनपुटची पॉवर कायम राहते. ६० वॅट बाहेर, कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत साधारण ६७ वॅट. २४ व्होल्टला करंट २.८ अँपिअर, २१ व्होल्टला ३.२. व्होल्टेज उतरलं की करंट चढतो, म्हणजे बारीक बदलांपुरता कन्व्हर्टर उणे रेझिस्टन्ससारखा वागतो. त्याचा आकडा व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर: २४ ला ८.६ ओहम, २१ ला ६.६.

आता फिल्टर बघा. तुमच्या सिरॅमिक कपॅसिटरवर २२ मायक्रोफॅरड छापलंय, पण २४ व्होल्ट बसले की त्यातले १० च्या आसपास उरतात असं धरू (डेटाशीटमधला डीसी बायसचा, म्हणजे व्होल्टेजगणिक क्षमता किती घटते त्याचा, ग्राफ बघाच). १० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरडचा रेझोनन्स, म्हणजे दोघं मिळून आपोआप झुलतात ती फ्रिक्वेन्सी, येतो १६ किलोहर्ट्झला. कॉइल, फ्यूज, वायर मिळून रेझिस्टन्स ०.१३ ओहम असेल, तर तिथे फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स (त्या फ्रिक्वेन्सीला कन्व्हर्टरच्या बाजूनं दिसणारा अडथळा) चढतो ७.७ ओहमपर्यंत. तो कन्व्हर्टरच्या ८.६ च्या आत आहे तोवर तग धरतो, कन्व्हर्टरचे ६.६ झाले की गेलं. साधा रेझिस्टन्स रिंगिंग (व्होल्टेजचं झुलत राहणं) शमवतो, उणे रेझिस्टन्स त्याला खतपाणी घालतो. म्हणून दिवसा सगळं ठीक आणि पहाटे शिट्टी.

कॅलटेकच्या मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच हे मांडून ठेवलंय: फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सपेक्षा सगळीकडे बराच कमी ठेवा. नुसता कमी असून भागत नाही. दोन्ही जवळ आले, की उघड ऑसिलेशन नसतानाही कंट्रोल लूपची (आउटपुट मोजून ते सतत दुरुस्त करणाऱ्या भागाची) फेज, म्हणजे दुरुस्तीची वेळ, बिघडते.

उपाय स्वस्त आहे. सिरॅमिकला समांतर ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा साधा इलेक्ट्रोलायटिक लावा, ईएसआर (कपॅसिटरचा आतला सिरीज रेझिस्टन्स) अर्धा ते एक ओहम असलेला. फिल्टरच्या इम्पिडन्सचं शिखर ७.७ वरून १ ओहमच्या आसपास येतं. इथे ‘लो ईएसआर भारी असतो’ म्हणून कुणी पॉलिमर कपॅसिटर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. डॅम्पिंगसाठी, म्हणजे रिंगिंग शमवायला, आपल्याला तो ईएसआरच हवाय. पॉलिमरच हाताशी असेल तर त्याच्या सिरीजला ०.५६ ओहम टाका. कॉइलच्या सिरीजला १ ओहम टाकूनही डॅम्पिंग मिळेल, पण ३.२ अँपिअरला १० वॅट नुसते तापण्यात जातील.

लूप हळू करण्याचा सल्लाही मिळेल. लूपची बँडविड्थ (तो किती वेगाच्या बदलांना दाद देतो ती मर्यादा) १६ किलोहर्ट्झच्या बरीच खाली नेली तर तिथला उणे रेझिस्टन्स जातो, शिट्टी थांबते. पण सोलेनॉइड व्हॉल्व्ह उचलला की १२ व्होल्ट खोल बसतील आणि रिसेट पुन्हा तसाच. मला हा उपाय पटत नाही.

तपासायला ऑसिलोस्कोप कन्व्हर्टरच्या इनपुट कपॅसिटरवरच लावा, पूर्ण लोड ठेवा आणि सप्लाय २५ वरून हळूहळू २० वर आणा. १६ किलोहर्ट्झची साईन वेव्ह दिसली तर निदान पक्कं. आणि हे टेबलावर फूटभर वायरीनं करू नका. शेडपासून बॉक्सपर्यंतची केबल दहा मीटर असेल, तर ढोबळमानानं मीटरला १ मायक्रोहेन्री धरून तुमच्या कॉइलएवढं इंडक्टन्स एकट्या केबलचंच झालं. तीच केबल लावून बघा, आणि इलेक्ट्रोलायटिक कन्व्हर्टरच्या तोंडाशी ठेवा, शेडमध्ये नको. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याच्या बॉक्समध्ये तो वाळत जातो, ईएसआर चढतो, तेव्हा दोनेक वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.