हसवणारी कादंबरी कुठे शोधायची?

वाचनाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी एकाच धाटणीची चार निवडली आहेत.

प्रश्न : आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना घरातच काढायचा आहे. तिला हलकंफुलकं, बायकांच्या जगातलं, हसवणारं काहीतरी हवं आहे. तेही कादंबरीच, "लेख दोन पानांत संपतो," म्हणते. वाचनालयातून 'हलकीफुलकी' म्हणून दोन कादंबऱ्या आणल्या. एकीत नवरा गेला, दुसरीत मुलगी. आता काय आणू? (कोथरूड)

उत्तर : आईंनी नेमकं तेच मागितलंय जे मराठीत सगळ्यात कमी आहे. आपला विनोद वाढला तो मासिकांत आणि दिवाळी अंकांत. तिथे जागा मिळते पाच-सात पानांची, म्हणून लिहिणाऱ्यांचा हातही लेखावर आणि कथेवरच बसला. दोनशे पानं हसू टिकवणं हे वेगळंच काम, ते थोड्यांनीच अंगावर घेतलं. त्यामुळे "विनोदी काय आहे?" असं विचारलंत तर तुम्हाला ज्या कपाटापाशी नेतील तिथे मुख्यतः लेखसंग्रह असतील. ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या वाचनालयात तर दोन्हींचे क्रमांकच वेगळे : मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ आणि विनोद ८९१.४६७. विनोदी कादंबरी बहुधा पहिल्या क्रमांकात, लेखकाच्या आडनावानुसार, रडक्या कादंबऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. तेव्हा लेखकाचं नाव घेऊनच जा.

तुमची फसगत झाली ती मलपृष्ठावर. 'हलकीफुलकी' हा शब्द प्रकाशक कथेला नव्हे, भाषेला लावतात. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, एवढाच त्याचा अर्थ. 'कौटुंबिक', 'हृदयस्पर्शी', 'स्त्रीमनाचा ठाव घेणारी' यांतलं एक जरी दिसलं तरी पुस्तक जागेवर ठेवा. 'खुसखुशीत' आणि 'मिश्किल' त्यातल्या त्यात भरवशाचे. 'नर्मविनोदी' म्हणजे चार पानांत एक स्मित, तेवढ्यावर आईंचं भागणार असेल तर घ्या. मुखपृष्ठावर शि. द. फडणीस किंवा वसंत सरवटे यांचं चित्र असेल तर मात्र पुस्तक उचलून पाहायलाच हवं.

मग पानं उघडा. पहिलं प्रकरण वाचून ठरवू नका, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. दोनशे पानांची कादंबरी असेल तर साठावं आणि एकशेचाळीसावं पान काढा. साठाव्या पानावर दोन माणसं बोलत असावीत आणि दोघांच्या बोलण्याची ढब वेगळी असावी. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतील तर विनोद लेखक करतोय, माणसं करत नाहीत. दुखणी आणि मृत्युपत्रं सहसा उत्तरार्धात शिरतात, म्हणून दुसरं पान एकशेचाळीसावं. तिथेही शेजारीण वाटीभर साखर मागायला येतच असेल तर खुशाल घरी न्या. शेवटची दोन पानंही बिनदिक्कत वाचा. या प्रकारात लग्न जमणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं, गंमत ते कसं जमतं यात असते.

सुरुवात चिं. वि. जोशींच्या चिमणरावांपासून करा. त्या कथाच आहेत, पण चिमणराव, काऊ, गुंड्याभाऊ, मोरू, मैना हे सगळं बिऱ्हाड एका गोष्टीतून दुसरीत जातं, त्यामुळे माणसं ओळखीची होत जाण्याचं कादंबरीचं सुख मिळतं. 'लेख संपतो' ही तक्रार खरं तर तीच असते : ओळख झाली आणि माणूस उठून गेला. आईंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पाहिला असेल तर बोलायलाच नको. बाईच्या नजरेतून हवं असेल तर मंगला गोडबोले आणि शकुंतला फडणीस ही दोन नावं मागा. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' कुणी ना कुणी सुचवेलच. पुस्तक उत्तम आहे आणि भरपूर हसवतं, पण शेवटाकडे चटका लावतं. ते गुडघा बरा झाल्यावर.

एक सावधगिरी. जुन्या विनोदात बायको म्हणजे साडी, पैसे आणि माहेर एवढ्यावरच दुकान चालवणारे बरेच आहेत. तीन पानांत साडीखरेदीचा विनोद दोनदा आला तर पुढेही तोच येणार. जुन्या आवृत्त्यांसाठी जुनी वाचनालयं बरी : पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. आणि पडून वाचायचं असेल तर वजन बघा. दोनशे पानांची साधी कादंबरी पाव किलोच्या आसपास भरते, ती हातात पेलते. दिवाळी अंक छातीवर टेकवावा लागतो.

प्रश्न : ऑफिसच्या बसमध्ये वाचायला इंग्रजी चिकलिट, म्हणजे तरुण बायकांच्या आयुष्यावरच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या, हव्या आहेत. मैत्रिणीनं सोफी किन्सेला सुचवली. दोन पुस्तकं मागवली, तर एक आधी वाचलेलंच निघालं आणि दुसऱ्यात हसण्यासारखं काही नव्हतं. लेखिका तीच ना? (बाणेर)

उत्तर : तीच, आणि घोटाळाही नेहमीचाच. खरेदीचं व्यसन असलेल्या बाईवरच्या तिच्या शॉपोहोलिक मालिकेतलं पहिलं पुस्तक इंग्लंडमध्ये २००० साली 'द सीक्रेट ड्रीमवर्ल्ड ऑफ अ शॉपोहोलिक' या नावानं आलं आणि अमेरिकेत 'कन्फेशन्स ऑफ अ शॉपोहोलिक' म्हणून. आपल्याकडे दोन्ही फिरतात, पुस्तक एकच. मॅडलिन विकहॅम हे तिचं खरं नाव, त्या नावानं लिहिलेल्या सात कादंबऱ्या बऱ्याच गंभीर आहेत. पुढे त्यांच्यावरही किन्सेला हे नाव ठळक छापलं गेलं. मुखपृष्ठावर 'विकहॅम' बारीक अक्षरात आहे का, ते आधी पाहा.

शॉपोहोलिक मालिका क्रमानं वाचा, निदान पहिली तीन. पहिल्यात बँकेची पत्रं आहेत : नायिका बेकी ओव्हरड्राफ्ट का फेडू शकली नाही याची एकेक कारणं देते आणि बँकेचा माणूस अत्यंत सभ्य भाषेत ती खोडून काढतो. वर ही बाई पत्रकार आहे ती पैशांच्या नियोजनावर लिहिणारी. बससाठी मात्र सुटं पुस्तक सोयीचं, त्यासाठी 'कॅन यू कीप अ सीक्रेट?' घ्या. विमान हेलकावे खातं, आता मरणार या भीतीनं नायिका शेजारच्या अनोळखी माणसाला आपली सगळी गुपितं सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी कळतं, तो तिच्याच कंपनीचा मालक.

हेलन फील्डिंगची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' (१९९६) वर्तमानपत्रातल्या सदरातून आली, त्यामुळे दहा मिनिटांचे तुकडे आपोआप पडतात. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर वजन, दारू, सिगारेटी, कॅलरी यांचा हिशोब, आणि खरा विनोद त्या हिशोबात. कथानकाचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा आहे. ते आधी वाचलेलं असेल तर मजा वाढते.

देशी हवं असेल तर अनुजा चौहान. 'दोज प्रायसी ठाकूर गर्ल्स'मध्ये ऐंशीच्या दशकातली दिल्ली आणि पाच बहिणी आहेत. त्यांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं ठेवलेली. इंग्रजीत हिंदी बेधडक मिसळलेलं आहे, आपल्याला ते अडत नाही.

गुलाबी मुखपृष्ठावर मात्र विसंबू नका. एके काळी बाईनं लिहिलेल्या कोणत्याही कादंबरीवर उंच टाचांच्या चपलेचं चित्र छापायची साथच आली होती. मॅरियन कीजची 'रेचल्स हॉलिडे' विनोदी आहेच, पण ती घडते व्यसनमुक्ती केंद्रात.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना काय तपासावं? दोनदा मधली पानं गायब निघाली. (सदाशिव पेठ)

उत्तर : पुस्तक फर्म्यांत शिवलेलं असतं, बहुतेक वेळा सोळा पानांचा एक फर्मा. शिवण सुटली की सुटं पान क्वचितच जातं, सोळाच्या सोळा जातात. म्हणून पानं चाळण्यापेक्षा सोळाच्या टप्प्यानं आकडे पाहा : १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९. दोनशे पानांना एक मिनिटही लागत नाही. बांधणीत फर्मा दोनदा लागल्याचाही दोष यातच सापडतो. शेवटचं पान वेगळं पाहा. छपाई फिकट, समास चिंचोळे आणि अक्षरं किंचित तिरकी असतील तर प्रत चोरट्या छपाईची, ती स्वस्तातही घेऊ नका.

प्रश्न : आमच्या भिशीत अकरा जणी आहेत. दर महिन्याला एक विनोदी पुस्तक वाचून बोलायचं ठरलं, पण तिघीच वाचून येतात. (हडपसर)

उत्तर : मग घरून वाचून यायचं सोडा आणि तिथेच मोठ्यानं वाचा. मराठीचं एक छापील पान मोठ्यानं वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे दहा पानांची कथा पंचवीस मिनिटांत होते. त्याहून लांब निवडलीत तर पोहे थंड होतात आणि लक्ष तिकडे जातं. संवादाची कथा दोघींत वाटून घ्या. वाचणारीनं घरी एकदा तरी मोठ्यानं वाचून यावं. नाहीतर हशाच्या वाक्यापाशी तीच आधी हसते आणि बाकीच्यांना ते वाक्य ऐकूच येत नाही.