छातीचा घेर ४८ इंच असेल तर क्रोशाचा टॉप अंगावर नीट कसा बसवायचा?

प्रश्न: माझ्या छातीचा घेर ४८ इंच आहे. क्रोशाच्या पॅटर्नमधला मोठ्यात मोठा साइझ विणला तरी खांदे दंडावर उतरतात, काखेत घोळ येतो आणि पुढची कड वर चढते. मुंबईच्या हवेत घालता येईल आणि अंगाला शोभेल असा टॉप स्वतःसाठी कसा विणावा?

तुमचे टाके चुकत नाहीयेत, साइझ निवडताना चूक होतेय. बरेचसे पॅटर्न एका मध्यम मापावर बेतलेले असतात आणि मोठे साइझ काढताना सगळीकडे सारख्याच हिशेबाने टाके वाढवलेले असतात. अंग तसं वाढत नाही. छाती, पोट, दंड भरतात. खांदे फारसे रुंदावत नाहीत. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलचा मापांचा तक्ता पाहिलात तर ४४-४६ इंच छातीला पाठीची रुंदी साडेसतरा इंच दिलीय आणि ६०-६२ इंच छातीला साडेअठरा. घेर १६ इंचांनी वाढला, पाठ एकाच इंचाने.

म्हणून साइझ ठरवायचा तो छातीच्या वरच्या घेरावरून. टेप दोन्ही काखांतून, उभाराच्या वरून, पाठीला आडवी राहील अशी घ्या. पाठ आणि खांदे या मापाने विणायचे आणि पुढच्या भागाला लागेल ती रुंदी-उंची वेगळी द्यायची. ब्लाऊज शिवणाऱ्या बाई टक्स घालून जे साधतात तेच इथे करायचंय. फरक इतकाच की क्रोशात टक्स शिवत नाहीत, विणतात.

आणखी मापं लागतील: छातीचा पूर्ण घेर, नितंबांचा घेर, दंडाचा सर्वांत जाड भाग, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाठ, मुंढ्याची (बाही जिथे जोडली जाते त्या भागाची) उंची. आणि दोन मापं जी बहुतेक जणी घेतच नाहीत: मानेजवळच्या खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंत पुढची उंची, आणि तिथूनच पाठीवरून कंबरेपर्यंत मागची. या दोहोंतला फरक म्हणजेच तुमची वर चढणारी कड. रोज जी ब्रा घालता ती घालूनच मापं घ्या, आणि दुसऱ्या कुणाकडून घ्या. स्वतः घेताना हात हलला की टेप सरकते.

दोरा सुतीच घ्या, किंवा सुती-व्हिस्कोस मिश्र. ॲक्रिलिक घाम शोषत नाही आणि मे महिन्यात ते अंगावर सहन होत नाही. मात्र सुती दोरा जड असतो, आणि क्रोशाचं कापड दोन सुयांच्या विणकामापेक्षा जाड होतं. मोठ्या मापात हे वजन लक्षात येण्याइतकं होतं, म्हणून जाड दोरा टाळा. मध्यम बारीक सुती दोरा आणि गुंड्यावर सुचवलेल्या नंबरापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठी सुई घ्या. घट्ट विणलेलं कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि अंगापासून सुटतं. माणूस आहे त्याहून मोठा दिसतो तो याच कारणाने. मऊ पडणारं कापड अंगाची रेषा धरतं.

टाका म्हणून मी अर्धा खांब (अमेरिकन ‘हाफ डबल क्रोशे’) सुचवेन. मुका खांब (‘सिंगल क्रोशे’) ताठ होतो, पूर्ण खांबात (‘डबल क्रोशे’) अंतर्वस्त्र दिसतं. फुगीर गोळ्यांचे किंवा जाड गुच्छांचे नमुने छातीवर नकोत, ते कापडाची जाडी वाढवतात. पॅटर्न परदेशी असेल तर तो ब्रिटिश आहे की अमेरिकन ते आधी बघा. अमेरिकन पद्धतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’. इथे गफलत झाली की सगळं माप फसतं.

आता नमुना, म्हणजे टॉपच्या आधी त्याच दोऱ्या-सुईने विणायचा मोजणीचा तुकडा. ६ इंच बाय ६ इंचांपेक्षा लहान नको. विणून झाल्यावर धुवा, वाळवा, मग खालच्या कडेला चार चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी मोजा. सुती क्रोशे स्वतःच्या वजनाने लांबतो, आणि तो किती लांबला हे इथेच कळतं. उभी वाढ ५ टक्के निघाली तर टॉपच्या उंचीतून तेवढी वजा करा. गडद रंग असेल तर रंग सुटतो का ते नमुना ओला असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा.

दोरा किती लागेल तेही नमुन्यावरूनच काढता येतं. ५० इंच घेर आणि २६ इंच उंची म्हणजे १३०० चौरस इंच. १९ इंच रुंद, ६ इंच लांब अशा दोन बाह्यांचे २२८. एकूण १५२८ भागिले ३६, म्हणजे साधारण ४२ नमुने. नमुना ११ ग्रॅमचा भरला तर ४६२ ग्रॅम, १५ टक्के जादा धरून ५३० ग्रॅम. सगळे गुंडे एकदम, एकाच लॉट नंबरचे घ्या. नंतर आणलेला ‘तोच’ पांढरासुद्धा वेगळा दिसतो.

तुमच्या मापाचं उदाहरण मांडते. छातीच्या वरचा घेर ४३, पूर्ण घेर ४८, पाठ १७ इंच धरली आहे. नमुन्यात इंचाला ४ टाके आणि ३ ओळी आल्या असं समजू. सैलपणा २ इंच पुरे. तयार घेर ५०, पण तो निम्मा-निम्मा वाटायचा नाही. पाठ (४३ + २) ÷ २ म्हणजे साडेबावीस इंच, ९० टाके. उरलेले साडेसत्तावीस इंच पुढे, ११० टाके. तुमच्या काखेतला घोळ कमी होईल तो या वाटणीने.

दोन्ही भाग खालून वर विणा. शेवटी शिवताना खालचे ६ इंच, म्हणजे १८ ओळी, दोन्ही बाजूंना कुर्त्यासारखा कट सोडा. नितंबांसाठी वेगळी वाढ करावी लागत नाही.

पाठ ५१ ओळी सरळ, मग मुंढा. पुढचा भाग मात्र ४२ ओळींवर थांबवा. ही जागा छातीच्या टोकाच्या साधारण एक इंच खाली यायला हवी, तुमच्या मापाने पडताळून घ्या. इथे अर्धवट ओळींचा टक्स घालायचा. पुढची उंची मागच्यापेक्षा अडीच-पावणेतीन इंचांनी जास्त निघाली तर ८ ओळी. पहिल्या ओळीत शेवटचे ८ टाके सोडून वळा, दुसऱ्या ओळीत त्या टोकाचे ८ सोडा, पुढच्या प्रत्येक ओळीत आणखी ८ सोडत जा. आठव्या ओळीत मध्ये ४६ टाके उरतील, म्हणजे साडेअकरा इंच. वळण्याआधीचे शेवटचे दोन टाके अनुक्रमे मुका खांब आणि स्लिप स्टिच (सर्वांत बुटका टाका) असे उतरते घाला, आणि वळताना साखळी न घालता स्लिप स्टिच सोडून पुढे जा. नाहीतर पायऱ्या पडतात आणि त्या जागी भोकं राहतात. मग पुन्हा पूर्ण ११० टाक्यांच्या ९ ओळी. बाजूची कड ५१ ओळींचीच राहते, पाठीला नीट जुळते, आणि छातीसाठी मध्ये जागा तयार होते. टक्स बरोबर छातीच्या टोकावर आला तर तिथे आडवी घडी पडते आणि वर गेला तर पिशवी लोंबते, म्हणून इथे उसवायला कंटाळू नका.

पोट पुढे असेल तर खालून तीन-चार इंचांवर अशाच ४ ओळी घाला.

मुंढा ९ इंच, म्हणजे २७ ओळी. दोन्ही भाग ६८ टाक्यांवर, म्हणजे पाठीच्या १७ इंचांवर, आणायचे आहेत. पाठीला दोन्ही बाजूंनी एकदम ५ टाके सोडा आणि पुढच्या ६ ओळींत दोन्ही टोकांना एकेक कमी करा. पुढच्या भागाला एकदम ९, मग १२ ओळी एकेक. वर २० टाके खांदा, २८ गळा, २० खांदा. गळा व्ही ठेवा, ८ इंच खोल, त्याने उभी रेषा मिळते. मोठ्या छातीवर व्ही गळ्याची कड तोंड उघडते. तसं झालं तर किनार विणताना दर ६ ओळींमागे ८ ऐवजी ७ टाके उचला.

मुंढा खोल ठेवला की सैल आणि आरामाचा होईल असं वाटतं, पण होतं उलटं. काखेची शिवण खाली गेली की हात वर केल्यावर अख्खा टॉप वर ओढला जातो. लोकलमध्ये उभं राहून वरची कडी धरायची असेल तर काखेपासून एक-सव्वा इंचाहून खाली जाऊ नका. खांदे कच्चे जोडून, हात डोक्यावर नेऊन पाहा आणि मगच बाही घ्या.

बाही मुंढ्यावरूनच टाके उचलून खाली विणा. दर ३ ओळींमागे ४ टाके आणि काखेतले १४ मिळून ८६ होतात. दंड १७ असेल तर १९ इंच बाही हवी, म्हणजे ७६ टाके. काखेखाली दर फेरीला २ याप्रमाणे ५ फेऱ्यांत १० कमी करा.

खांद्याच्या शिवणीवर आणि मागच्या गळ्यावर आतून स्लिप स्टिचची एक घट्ट ओळ घालाच. सगळं वजन तिथेच टांगलेलं असतं. ती ओळ नसेल तर काही धुण्यांतच खांदा लांबतो आणि तुमची जुनी तक्रार परत येते. जाळीचा नमुना घेतलात तर मॅचिंग सेंटरमधून टू-बाय-टू रुबियाचं अस्तर आणा, पण ते गळा आणि खांद्यालाच जोडा. अस्तर ताणत नाही आणि क्रोशे ताणतो, म्हणून खालची कड एकत्र शिवली तर टॉप फुगतो.

चौकोन जोडून टॉप करायचा असेल तर मोजदाद कमी लागते. टाके तेवढेच ठेवून खांद्याकडचे चौकोन साडेतीन मिमी सुईने, छातीचे चारने आणि नितंबांवरचे साडेचारने विणा. आकार आपोआप येतो, मात्र छातीच्या उंचीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

धुतल्यावर पिळू नका आणि दोरीवर टाकू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवा पसरा. पावसाळ्यात सुती क्रोशे आतून ओला राहून कुबट वास धरतो, म्हणून दर काही तासांनी उलटा. कपाटात हँगरला न लावता घडी करून ठेवा.