धुराड्यातून धूर दिसत नाही म्हणजे प्लांट क्लीन झाला का?

प्रश्न: काका नमस्कार. आमचं गाव किनाऱ्यावर, नाव छापू नका. शेजारी कोळशाची जेट्टी आणि वीज प्रकल्प. मध्ये गावच्या बैठकीत एक साहेब सांगून गेले की क्लीन कोल टेक्नॉलॉजी आलीय, परदेशात डेमो प्लांट झालेत, आता धूर राहतच नाही. मग आईने वाळत घातलेल्या तांदळाच्या फेण्यांवर काळी पूड कुठून येते?

उत्तर: आधी फेण्यांचं बघू. ती पूड चिमूटभर घेऊन बोटांत चोळा. राखाडी, टाल्कम पावडरसारखी मऊ लागली तर धुराड्यातली राख. काळी, किरकिरीत असली, बोटाला काजळीसारखा डाग पडला तर तो कोळसाच, जेट्टीवरून, बेल्टवरून नाहीतर ढिगाऱ्यावरून उडालेला. त्याला डेमोबिमो काही लागत नाही हो, बेल्ट झाकायचा, ढिगावर पाणी मारायचं, ट्रकवर ताडपत्री बांधायची, एवढंच.

आता धूर. बॉयलरमागे इएसपी नावाचं यंत्र असतं, त्यातल्या प्लेटांवर राख विजेच्या ओढीने चिकटते, मग हातोड्या त्या प्लेटा ठोकून राख खाली पाडतात. ते नीट चालत असलं की धूर डोळ्यांना दिसत नाही, साहेब तेवढ्यापुरते खरं बोलले. पण सल्फर डायऑक्साइड दिसतच नाही! त्याला एफजीडी, म्हणजे धुरातून हा वायू काढून टाकणारं यंत्र लागतं. लांब कशाला, आपल्याच किनाऱ्यावर डहाणूच्या 500 मेगावॅटच्या केंद्रात 2007 साली समुद्राच्या पाण्यावर चालणारं एफजीडी बसलं, समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्याने हा वायू त्यात धुतला जातो. चिकूवाल्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे. देशभरासाठी कडक नियम डिसेंबर 2015 मध्ये आले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक प्लांटना एफजीडीतून सूटच दिली. दहा लाख वस्तीचं शहर 10 किलोमीटरच्या आत असेल तर सक्ती कायम, आपल्या गावांच्या आसपास असलं शहर कुठून आणायचं?

क्लीन कोलमधला एफिशियन्सीचा, म्हणजे कमी कोळशात तेवढीच वीज करण्याचा भाग मात्र खरा आहे. पाणी 221 बारच्या वर दाबलं आणि 374 डिग्रीच्या वर तापवलं की ते उकळत नाही, सरळ वाफेसारखं वागायला लागतं, त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात. जुना प्लांट कोळशातल्या उष्णतेची 35 टक्के वीज करतो, चांगला नवा 42 च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच विजेला 6 गाड्यांऐवजी 5 गाड्या कोळसा. मध्य प्रदेशात खरगोनला एनटीपीसीने 2019 मध्ये अल्ट्रा सुपरक्रिटिकल, म्हणजे त्याहूनही जास्त दाब-तापमानाचं युनिट चालू केलं, आता हे डेमो राहिलेलं नाही. पण त्या पाच गाड्यांचा धूर होतोच ना.

परदेशातल्या डेमोंचं म्हणाल तर दोन्ही बाजू ऐका. कॅनडात बाउंडरी डॅमला 2014 पासून एका कोळशाच्या युनिटचा कार्बन पकडून जमिनीत घालतात, काम होतं पण पकडायला प्लांटचीच बरीच वाफ आणि वीज खर्ची पडते. अमेरिकेत मिसिसिपीतल्या केंपरला कोळशाचा गॅस करून वीज करायची होती, 3 अब्ज डॉलरच्या आतला अंदाज 7 अब्जांच्या वर गेला आणि 2017 मध्ये कोळसा सोडून नैसर्गिक वायूवरच आले. फसलं तरी मला ते डेमो उपयोगाचं वाटतं, निदान पुढचा माणूस शहाणा होतो. साहेबांनी केंपरचं नाव घेतलं होतं का?

पुढच्या बैठकीत 'क्लीन आहे का' असं विचारू नका, हो म्हणून मोकळे होतील. एफजीडी आहे का, असेल तर महिन्यात किती दिवस चालू असतं, बेल्ट कधी झाकणार, असं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आणि आईला सांगा, जेट्टी समुद्राच्या अंगाला असेल तर सकाळी मतलई वारा असेपर्यंत पूड समुद्राकडे जाते, दुपारी खारा वारा सुटला की गावात शिरते. तेव्हा अकराच्या सुमारास फेण्यांवर जुनं पातळ लुगडं टाकायचं.