कॉम्प्रेसरमधलं पाणी

तू म्हणतोस, पाणी अडवायचा फिल्टर लावूनही कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर रंगावर पाणी उडतंय. अरे, फिल्टर खराब नाहीये, तू तो टाकीला लागूनच, चुकीच्या जागी लावलायस. कॉम्प्रेसरच्या टाकीतून निघालेली हवा गरम असते. तिच्यातलं पाणी तेव्हा वाफेच्या रूपात असतं, आणि वाफ फिल्टरमधून सरळ निघून जाते. पुढे पाइपात हवा गार झाली की त्या वाफेचं पाणी होतं आणि स्प्रे गनमधून थेट रंगावर उडतं. माझ्या स्कूटरच्या टाकीवर असेच फोड आले होते, ऐन जुलैत, चिपळूणला. सगळं घासून पुन्हा मारावं लागलं.

म्हणून आधी हवा गार होऊ दे. सात-आठ मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप भिंतीवर वरखाली फिरव, प्रत्येक खालच्या टोकाला साचलेलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक लाव, आणि फिल्टर अगदी शेवटी, गनच्या बाजूला. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण दाबाखाली फुटला की त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. तो नकोच.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज काम संपलं की उघडायचा. पावसाळ्यात चहासारखं तांबूस पाणी निघेल. तो आतला गंज.

रंगकामापुरतं फिल्टरच्या पुढे सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, जोड. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवायचे. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मात्र नाही हं.