वाचकांचे प्रश्न : नकाशाला तुमची गाडी ठाऊक आहे का?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ट्रकवाल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि विषय एकच, नेव्हिगेशन. मी बरीच वर्षं ट्रेलर चालवला, आता नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. तेव्हा उत्तरं स्टिअरिंगमागून दिलेली आहेत, काउंटरमागून नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर कंटेनर चालवतात. फोनवरच्या नकाशाने त्यांना दोनदा अशा अरुंद गल्लीत नेऊन घातलं की मागे यायला अर्धी रात्र गेली. ट्रकसाठी वेगळं यंत्र मिळतं म्हणे, पण ते महाग आहे. घ्यावं, की फोनच पुरे?

वहिनी, गल्लीत घालणारा उपग्रह नव्हे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरत असतात आणि एकच काम करतात : ‘मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत’ एवढं सांगत राहतात. निदान चार उपग्रहांचं हे बोलणं ऐकून फोन आपली जागा काढतो. तिथे उपग्रहाचं काम संपलं. कुठला रस्ता घ्यायचा हे नकाशा आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि फोनवरचे नेहमीचे नकाशे समोरची गाडी मोटारच आहे असं धरून चालतात. मोटारीला ती गल्ली मोकळी होती. नकाशा खोटं बोलला नाही, त्याला कंटेनर ठाऊकच नव्हता.

म्हणजे यंत्र की फोन हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की ते गाडीची उंची, रुंदी, लांबी, एकूण वजन, एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आसावर, येणारं वजन आणि माल धोकादायक आहे का, हे सगळं विचारतं का. गार्मिन आणि टॉमटॉम ट्रकसाठी अशी वेगळी यंत्रं बनवतात, आणि सिजिकसारखं ट्रकचा पर्याय असलेलं ॲप फोनवरही चालतं. नुसतं खोक्यावर ट्रकचं चित्र आहे म्हणून काही घेऊ नका.

आणि विचारलं म्हणजे उत्तर मिळालं असंही नाही. एकच यंत्र एका देशात उत्तम चालतं आणि दुसऱ्या देशात आंधळं होतं, कारण तिथल्या पुलांची उंची नकाशात कोणी भरलेलीच नसते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला सगळ्यांसाठी खुला नकाशा घ्या. त्यात पुलाची उंची आणि वजनाची मर्यादा लिहायला जागा आहे, पण कुणी स्वयंसेवकाने ती भरली तरच ती तिथे असते. जागा रिकामी असेल तर सॉफ्टवेअर सहसा ‘अडथळा नाही’ असं धरतं. ट्रकवाल्याला खरा धोका इथे आहे. चुकीची माहिती कधीतरी पकडली जाते, नसलेली माहिती पकडायची कशी?

म्हणून विकत घेण्याआधी मिस्टरांना एक परीक्षा घ्यायला सांगा. त्यांच्या नेहमीच्या वाटेवरचा एखादा ठेंगणा पूल आणि जड वाहनांना बंद असलेला एखादा रस्ता त्यांना पाठ असेलच. यंत्रात गाडीची मापं भरायची, त्या पुलाच्या अलीकडून पलीकडे जायचा रस्ता मागायचा. वळसा दाखवला तर पुढे बोलू. सरळ पुलाखालून नेलं तर यंत्र परत डब्यात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायलाही मजा येते.

बाकी बारीकसारीक : नकाशा यंत्रात उतरवून घेता आला पाहिजे, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नसलं तरी नकाशाला रेंज लागू शकते. पडदा मोठा हवा. नकाशाची अपडेट किती वर्षं फुकट मिळणार ते विचारून घ्या. आणि चार्जर! पुष्कळ जड गाड्यांची वीज २४ व्होल्टची असते. मोटारीतला चार्जर फक्त १२ व्होल्टचा असेल तर तो जळणार, नशीब वाईट असेल तर यंत्रासकट. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा.

प्रश्न : मी नुकताच ट्रेलरवर बसायला लागलोय. यंत्रात मापं भरायला लागलो की उस्ताद हसतात. म्हणतात, कागदावर उंची लिहिलेली आहे, ती एकदा टाक आणि विसर. बरोबर आहे का?

उस्तादांचा मान राख, पण ‘विसर’ तेवढं ऐकू नकोस. कागदावर गाडीची उंची असते, आज लादलेल्या मालाची नाही. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच, म्हणजे २.५९ मीटर. हाय-क्यूब साडेनऊ फूट, २.९० मीटर. तोच ट्रेलर, तोच ड्रायव्हर, आणि एका डब्याने उंची फुटभर वाढली. काल सुखरूप गेलास त्या पुलाला आज डबा घासेल. उघड्या ट्रेलरवर यंत्रसामग्री लादली असेल तर हिशेब आणखीच वेगळा.

उंची मोजायची रीत साधी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी कर, टायरमध्ये हवा भरलेली असू दे. सगळ्यात उंच टोकावर एक सरळ फळी आडवी धर, ती बाजूला बाहेर यायला हवी. फळीच्या टोकापासून टेप खाली जमिनीपर्यंत सोड. वर चढताना कुणाला तरी हाताशी घे. जे माप येईल त्यात थोडी जागा वाढवूनच यंत्रात टाक. पुलावरची पाटी लागल्यानंतर खालच्या रस्त्यावर डांबराचा आणखी एक थर चढलेला असू शकतो, पाटी मात्र जुनीच राहते. आणखी एक गोष्ट नवख्यांना सांगितली तरी पटत नाही : रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच असते. माल उतरला की स्प्रिंगचे पाटे वर येतात. येताना गेलो होतो, मग जाताना का अडलो, याचं उत्तर बरेचदा तिथे सापडतं.

यंत्र मीटर मागतंय की फूट, तेही बघ. चार मीटर दहा सेंटिमीटर आणि चार फूट दहा इंच यांतला फरक यंत्र समजून घेत नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम गावी रेल्वेचा एक पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा म्हणून प्रसिद्ध. इशाऱ्याचे दिवे, पाट्या, सगळं असून वर्षानुवर्षं ट्रकांची टपं तिथे सोलून निघाली. शेवटी २०१९ साली पूल उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला, आणि त्यानंतरही ट्रक आपटलेच. पाटी वाचणाऱ्याला आपली स्वतःची उंची माहीत नसेल तर पाटीने करायचं काय? पाठ करायला जमत नसेल तर डॅशबोर्डवर खडूने लिही, आणि माल बदलला की पूस.

प्रश्न : यंत्राचा आवाज डोकं खातो, म्हणून मी तो बंद ठेवतो आणि पडद्यावर बघत जातो. काही बिघडतं का?

नेमकं उलटं करा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद पडद्यावर नजर टाकली की ४४ मीटर तुम्ही न बघता चालवलीत, आणि भरलेल्या गाडीला थांबायला किती लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कानाने ऐका, डोळे रस्त्यावर ठेवा. आवाज डोकं खात असेल तर कमी करा, दुसरा आवाज निवडा, पण ठेवा.

मुख्य वाचन निघण्याआधी होतं. इंजिन बंद असताना अख्खा रस्ता बोटाने सरकवत बघा. कुठे मुख्य रस्ता सुटतो? शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसे आहेत? गडबड बहुतेक तिथेच होते. वळण घट्ट वाटलं तर नकाशा सोडून उपग्रहाचं छायाचित्र लावा. कोपऱ्यावर भिंत आहे, विजेचा खांब आहे की मोकळी जागा, हे दिसतं. मग तीन-चार फाट्यांची नावं कागदावर लिहून ठेवा. मला लोक यावरून जुनाट म्हणतात. म्हणू देत, फोन तापून बंद पडला की हेच लोक माझ्याकडे कागद मागतात. फोन तापतोच : काचेला चिकटवलेला, ऊन थेट, वर चार्जिंग चालू. आयफोन वापरायला कंपनी ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य मानते, आणि उन्हातल्या काचेमागे तेवढं होणं काहीच नाही. एसीच्या झडपेसमोर बसवा. आरसा आणि काचेचा कोपरा झाकला जाईल असं काहीही लावू नका, आपल्या गाडीला न दिसणाऱ्या जागा आधीच कमी नाहीत.

वळण चुकलं तर चुकलं. पुढे चालत राहा, यंत्र नवा रस्ता काढेल. पण तो नवा रस्ता घाईत काढलेला असतो, तुम्ही वाचलेला नसतो. म्हणून पहिली ऐसपैस जागा दिसली की थांबून तोही वाचा. आणि रस्ता अरुंद होत चाललाय असं वाटलं की शिरायच्या आधी थांबा. आत शिरल्यावर मागे घेताना खाली उतरलेला माणूस लागतो, आणि तो नेमका झोपलेला असतो.

पोचायच्या वेळेवरही भिस्त ठेवू नका. नेहमीच्या नकाशाचा अंदाज मोटारीचा असतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीचा नसतो.

प्रश्न : पार्टीने गोदामाची जागा आकड्यांत पाठवली. मी ते आकडे यंत्रात टाकले तर भलत्याच माळरानावर पोचलो. आकडे चुकीचे होते का?

आकडे बरोबर असतील, लिहायची पद्धत वेगळी असेल. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. अंशात साठ मिनिटं असतात. ही गल्लत अक्षांशात झाली की ०.२ अंशाचा फरक पडतो, जमिनीवर सुमारे २२ किलोमीटर. दुसरी चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल. अक्षांश आधी, रेखांश नंतर, असा सर्वसाधारण रिवाज आहे, पण पाठवणारा पाळतोच असं नाही. दशांशानंतर पाच आकडे असतील तर जागा मीटरभरात येते, दोनच असतील तर किलोमीटरभर शोधत फिरा.

आणि पत्ता असो वा आकडे, फोन करून एक विचारा : मालाची गाडी कुठल्या फाटकातून आत घेता? नकाशातली खूण बहुधा ऑफिसच्या दारावर असते.

प्रश्न : मी चार गाड्यांचा मालक आहे. उड्डाणपुलावर असलेली गाडी ट्रॅकरवर खालच्या रस्त्यावर दिसते, कधी तासभर गायबच होते. यंत्र खराब, की ड्रायव्हर?

पहिल्याचं उत्तर सोपं. उघड्यावर साधा फोन काही मीटरच्या चुकीने जागा सांगतो, पण उंचीत चूक त्याहून जास्त होते. सॉफ्टवेअर मग गाडीला जवळच्या एका रस्त्यावर चिकटवून टाकतं. वरचा की खालचा, तो त्याचा अंदाज. उंच इमारतींत उपग्रहाच्या लहरी भिंतींवर आपटून येतात तेव्हाही असंच होतं. ड्रायव्हरनेही अशा ठिकाणी यंत्रापेक्षा कमानीवरची पाटी मानावी.

गायब होण्याची कारणं अनेक. बोगदा, रेंज नसणं, वायर सैल होणं, काचेवरचा धातूमिश्रित थर, अँटेनाशेजारी लावलेला स्वस्तातला डॅशकॅम. लहरी इतक्या लांबून साधारण एका बल्बच्या ताकदीने निघालेल्या असतात, त्यांना दाबायला फार काही लागत नाही. आणि हो, जॅमरही असतो, म्हणजे या लहरी मुद्दाम दाबणारं यंत्र. मालकाला कळू नये म्हणून काही जण लावतात. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका ड्रायव्हरने २०१२ साली तेच केलं, तर विमानं उतरवायला मदत करणारी यंत्रणा बिघडू लागली. पुढच्या वर्षी तिथल्या संचार आयोगाने त्याला जवळजवळ ३२ हजार डॉलर दंड ठोठावला. पण तुमच्या ड्रायव्हरवर आरोप करण्याआधी वायर तपासा. आणि माणूस का लपतोय तेही विचारा. मिनिटामिनिटाला फोन करून ‘का थांबलास’ विचारणारे मालक मी पाहिलेत. त्यांच्या गाड्या सारख्या गायब होतात.

प्रश्न : जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय. रस्ता नीट दाखवतं, फक्त तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतं. घेऊ का?

जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत १,०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती आली. ज्या यंत्रांच्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारलं नाही ती तेव्हापासून मागच्या काळात जगतायत. जागा बरोबर दाखवतील, पण ‘अमुक तारखेपासून जड वाहनांना बंद’ असली बंधनं तारखेवर चालतात, ती बिघडू शकतील. शिवाय कंपनीने घड्याळच सुधारलं नसेल तर नकाशा तरी कशाला सुधारला असेल? विकणाऱ्याला समोर बसवून अपडेट करायला सांगा. झाली तर घ्या, नाही तर त्याला नमस्कार करा.