सिंक्रोट्रॉनचे ‘रेडिएशन’: किरणोत्सर्ग, विकिरण की प्रारण?

इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या वार्षिकासाठी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रावर लेख लिहीत असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, तेथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वलयात वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून, मिळणाऱ्या ‘सिंक्रोट्रॉन रेडिएशन’ला मराठीत ‘किरणोत्सर्ग’ म्हणावे की ‘विकिरण’. पहिला शब्द त्यांना मराठी वृत्तपत्रांत भेटतो, दुसरा शहरातल्या हिंदी फलकांवर. माझ्या मते दोन्ही टाळावेत आणि ‘प्रारण’ लिहावे.

‘किरणोत्सर्ग’ हा शब्द वाईट नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ बेक्रेल यांना 1896 मध्ये युरेनियमच्या क्षारांत जो गुण आढळला, म्हणजे अस्थिर अणुकेंद्रातून कण किंवा किरण आपोआप बाहेर पडणे, त्याला मराठी विज्ञानलेखनात किरणोत्सर्ग किंवा किरणोत्सारिता म्हणतात. ही क्रिया कळ दाबून थांबवता येत नाही. कोबाल्ट-60 चा साठा निम्मा व्हायला सुमारे सव्वापाच वर्षे लागतात आणि त्यात घाई किंवा विलंब करणे कोणाच्या हाती नसते. इंडस-२ मध्ये असे काही घडत नाही. सुमारे 172 मीटर परिघाच्या वलयात, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. चुंबक त्यांची वाट वळवतात, आणि वळताना ते ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. या प्रकाशाच्या जन्माशी अणुकेंद्राचा संबंध नाही, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत थांबला की प्रकाशही त्याच क्षणी थांबतो. अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1947 साली हे प्रारण प्रथम दिसले तेही यंत्राची नळी पारदर्शक होती म्हणून, नुसत्या डोळ्यांना, उजेडाच्या रूपात.

हा भेद केवळ परिभाषेच्या काटेकोरपणासाठी पाळायचा नाही. कर्करोगाच्या रुग्णाला बाहेरून यंत्राने क्ष-किरण दिले, तर उपचाराच्या खोलीतून बाहेर येणारा माणूस कसलेही किरण सोडत नसतो. मात्र थायरॉइडच्या काही रुग्णांना आयोडीन-131 पोटात देतात, तेव्हा काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखावे लागते, कारण ते आयोडीन खरोखरच किरणोत्सारी असते. दोन्ही उपचारांना सरसकट ‘किरणोत्सर्गाचा उपचार’ म्हटले, की पहिल्या रुग्णाच्या घरातही नातवंडांना विनाकारण दूर ठेवले जाते. लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात, त्या व्यवहारातही कोबाल्टचा स्रोत किरणोत्सारी आहे, कांद्यावर पडते ते प्रारण आहे, आणि कांदा किरणोत्सारी होत नाही. ‘किरणोत्सर्गी कांदा’ असे शीर्षक देणारा बातमीदार नकळत व्यापाऱ्याचे नुकसान करतो.

‘विकिरण’ची अडचण निराळी आहे, आणि ती इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी वाचकाला पुणेकरापेक्षा अधिक जाणवेल. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. हिंदी माध्यमात शिकलेली आपली मुले उष्णतेच्या संक्रमणाचे प्रकार ‘चालन, संवहन, विकिरण’ असे पाठ करतात. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत तेच प्रकार ‘वहन, अभिसरण, प्रारण’ असे येतात, आणि ‘प्रकाशाचे विकिरण’ म्हणजे हवेतल्या कणांमुळे प्रकाशाचे इतस्ततः विखुरणे, ज्याला हिंदी ‘प्रकीर्णन’ म्हणते. संस्कृत धातूकडे पाहिले तर मराठीचा अर्थ मुळाला जवळचा आहे, कारण ‘विकीर्ण’ म्हणजे विखुरलेले. पण खरा गोंधळ व्युत्पत्तीने मिटत नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञानदिनाचा मराठी तक्ता लिहायला घेतला, तर रामन परिणाम, जो 1928 मध्ये प्रकाशाच्या विखुरण्यातच सापडला, तो मराठी पुस्तकाप्रमाणे ‘विकिरण’ ठरेल आणि शेजारी इंडस-२ चा प्रकाश हिंदी फलकाप्रमाणे पुन्हा ‘विकिरण’ होईल. दोन सर्वस्वी भिन्न घटना एका नावाने एकाच भिंतीवर लागतील.

राहिला ‘प्रारण’. तो पुस्तकी वाटतो ही तक्रार मला मान्य आहे, परंतु त्याचा अर्थ एकच आहे आणि तो अणुकेंद्राविषयी काहीही सुचवत नाही. ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा, त्यावरून ‘अरीय’ (इंग्रजीत ‘रेडियल’) झाला, आणि प्रारणाकडेही मी त्याच नजरेने पाहतो. गंमत अशी की सिंक्रोट्रॉनमध्ये प्रकाश आऱ्यांसारखा केंद्रातून निघत नाही, वर्तुळाला स्पर्शरेषा काढावी तसा निघतो. ‘कृष्णवस्तूचे प्रारण’ किंवा ‘विश्वाचे पार्श्वप्रारण’ असे समासही सहज बसतात.

वाचकांच्या लेखाचा दुसरा भाग जीवशास्त्राचा आहे. इंडस-२ वर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे वलयातला प्रकाश प्रयोगापर्यंत नेणारी वाट, आहे, तिच्याविषयी त्यांना लिहायचे आहे. तेथे तर ‘प्रारण’ही प्रत्येक वाक्यात नको. प्रथिनाच्या स्फटिकावर पडतात ते क्ष-किरण, स्फटिकातून त्यांचे होते ते विवर्तन (ठरावीक दिशांना वळणे), आणि विवर्तनाच्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढतात, हे साध्या शब्दांत सांगता येते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून 1971 मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झालेले वेंकी रामकृष्णन पुढे जीवशास्त्राकडे वळले, आणि त्यांनी रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या घटकाची, रचना उलगडली ती सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांच्याच आधारे. 2009 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांचा उल्लेख करायचा तर ‘किरणोत्सर्गाच्या साहाय्याने’ असे मुळीच लिहू नये. हे किरण नाजूक स्फटिकाची हानीही करतात, म्हणून तो द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने अतिशीत ठेवतात. त्या हानीला ‘प्रारणजन्य हानी’ म्हणावे. लेखात पहिल्यांदा ‘सिंक्रोट्रॉन प्रारण’ लिहून कंसात एकदाच ‘हिंदीत विकिरण’ अशी नोंद केली, तर इंदूरच्या वाचकालाही पुढे अडखळावे लागणार नाही.